दोन तारामती

राजा हरिश्चंद्राची राणी तारामती मराठी माणसाच्या पडद्यावर दोनदा अवतरली आणि या दोन अवतारांमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे. पहिली तारामती १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या मूकपटात दिसली. ती अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने साकारली होती, कारण त्या कामास उभी राहील अशी एकही स्त्री फाळक्यांना साऱ्या मुंबईत मिळाली नव्हती. दुसरी तारामती १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दिसली आणि ती दुर्गा खोटे यांनी साकारली. त्या एका नामांकित सॉलिसिटरच्या कन्या होत्या, एका प्रतिष्ठित घराण्याच्या सून होत्या आणि महाविद्यालयाची पायरी चढलेल्या होत्या. या अंतरात काय घडले, कोणी काय सोसले आणि त्याचे श्रेय आपण कोणाच्या पदरात टाकले, याचा विचार मराठी स्त्रीच्या इतिहासाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने करावा, असे मला मनापासून वाटते.

सांडोरसारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे तो काहीसा वेगळा दिसतो. वसईच्या या बागायती पट्ट्यात स्त्रीने चारचौघांत वावरणे ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती. मुंबईस जाणारी रेल्वे झाल्यापासून भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने शहर गाठणाऱ्या, अनोळखी गिऱ्हाइकाशी भाव ठरवणाऱ्या आणि कनवटीला पैसे लावून दिवस मावळण्यापूर्वी घरी परतणाऱ्या स्त्रिया येथे पिढ्यान्‌पिढ्या होत्या. त्यांच्या अब्रूविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. उलट, त्यांच्याच मिळकतीवर घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली. म्हणजे घराबाहेर पडणे, परपुरुषाशी बोलणे आणि स्वकष्टाचे द्रव्य स्वतःच्या हाती घेणे या तिन्ही गोष्टी आमच्या समाजास निषिद्ध वाटत नव्हत्या. तरीही हीच स्त्री दिव्यांच्या उजेडात उभी राहून दुसऱ्या एखाद्या स्त्रीचे दुःख बोलून दाखवू लागली असती, तर मात्र सारे गाव तिच्याविरुद्ध गेले असते. श्रमाला असलेली मान्यता कलेला का नव्हती, हे कोडे एकट्या मराठी मुलखापुरते मात्र नव्हते.

ज्या फ्रान्स देशातून चलच्चित्राची विद्या आपल्याकडे आली, त्या देशाचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. १८९६ सालच्या ७ जुलै रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी हिंदुस्थानातील पहिला चित्रपट-प्रयोग केला. पुढे १९११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूवजा चित्रगृहात फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला आणि तो पाहत असता त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. हा मूकपट अलिस गी या फ्रेंच स्त्रीने १९०६ साली दिग्दर्शित केलेला असावा, असे मत अभ्यासकांत प्रचलित आहे. संत थॉमसच्या चर्चच्या छायेत वाढलेल्या सांडोरच्या माणसाला या योगायोगाचे अगत्य वाटावे हे स्वाभाविकच आहे, कारण ज्या ख्रिस्तचरित्राची चित्रे तो लहानपणापासून चर्चच्या भिंतींवर पाहत आला, त्याच चरित्राच्या हलत्या चित्रांतून भारतीय चित्रपटसृष्टीचा संकल्प सिद्ध झाला.

त्याच फ्रान्समध्ये सारा बर्नार्ट ही रंगभूमीची सम्राज्ञी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, तीही हॅम्लेटच्या, म्हणजे पुरुषाच्या, वेषात. साठी उलटून गेल्यावर १९१२ साली तिने 'क्वीन एलिझाबेथ' या चित्रपटात इंग्लंडच्या राणीची भूमिका केली आणि त्या चित्रपटाने अटलांटिक ओलांडून अमेरिकेतही पैसा मिळवला. तिकडे स्त्रीने पुरुषाचे सोंग घ्यावे आणि तिचा जयजयकार व्हावा, इकडे पुरुषाने स्त्रीचे सोंग घ्यावे आणि त्यावाचून गत्यंतर नसावे, असा हा विरोध आहे. परंतु फ्रान्सचे हे औदार्यही काही अनादि काळापासूनचे नव्हते. १७३० साली आद्रिएन लेकुव्हर ही पॅरिसची सर्वश्रेष्ठ नटी मरण पावली, तेव्हा नटीचा धंदा सोडल्याची कबुली तिने दिलेली नसल्यामुळे तिला ख्रिस्ती दफनाचा अधिकार नाकारण्यात आला आणि तिचा देह रात्रीच्या वेळी पडीक जमिनीत पुरण्यात आला. व्हॉल्तेअरचा संताप या प्रसंगाने अनावर झाला होता. याच लेकुव्हरची भूमिका सारा बर्नार्टने पडद्यावर केली आणि तो चित्रपट आला १९१३ साली, म्हणजे आमचा साळुंके तारामतीचे लुगडे नेसून उभा राहिला त्याच वर्षी. नटीच्या देहाला मूठभर मातीही नाकारण्यापासून तिला राष्ट्राचे भूषण मानण्यापर्यंतची मजल मारण्यास फ्रेंच समाजाला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली होती. त्या मानाने मराठी समाजाची वाटचाल वेगाने झाली, मात्र त्या वेगाची किंमत थोड्याशा स्त्रियांनी एकट्याने चुकती केली.

फाळक्यांनी प्रयत्नांत कसूर केली नव्हती. जाहिराती दिल्या, नाटक मंडळ्यांत चौकशी केली, अखेर नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या वस्तीचेही उंबरठे झिजवले. परंतु ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकले होते, त्या स्त्रियांनाही या नव्या यंत्रापुढे उभे राहणे कमीपणाचे वाटले. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात दहा रुपये दरमहावर काम करणारा साळुंके त्यांच्या नजरेस पडला आणि पंधरा रुपयांच्या बोलीवर तो अयोध्येची राणी झाला. रंगभूमीवर तेव्हा बालगंधर्वांचे युग सुरू होते. त्यांनी, गणपतराव बोडसांनी आणि गोविंदराव टेंब्यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली तीही १९१३ सालीच. पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हे त्या काळी नुसते सोयीचे मानले जात नव्हते, तर ते सौंदर्याचे परमावधीचे रूप समजले जात होते. कुलवती स्त्रियांनी लुगडे कसे नेसावे याचा धडा बालगंधर्वांकडे पाहून घ्यावा, अशी त्या काळची स्थिती. त्यामुळे खरी स्त्री नसल्याची उणीव प्रेक्षकाला भासतच नव्हती. ती भासली एकट्या फाळक्यांना, कारण कॅमेरा जवळून पाहतो आणि रंगभूमीवरचे अंतर त्याच्यापाशी नसते.

याच वर्षअखेरीच्या 'मोहिनी भस्मासुर' या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात ती उणीव भरून निघाली. पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या भूमिकेत त्यांची कन्या कमला अशा मायलेकी एकाच वेळी पडद्यावर आल्या, आणि भारतीय चित्रपटात स्त्रीचा प्रवेश झाला. दुर्गाबाई पतीपासून १९०३ साली विभक्त झाल्या होत्या. पदरी लहान मुलगी, हाताशी उदरनिर्वाहाचे साधन नाही आणि ब्राह्मण जातीत जन्म, अशा स्थितीत त्या काळच्या स्त्रीपुढे उरणारे मार्ग म्हणजे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात राबणे किंवा माहेरी आश्रित होऊन राहणे, एवढेच होते. दुर्गाबाईंनी यांपैकी काहीच पत्करले नाही. त्या फिरत्या नाटक मंडळीत गेल्या, मुलीला चौथ्या-पाचव्या वर्षापासून रंगमंचावर उभे केले आणि जातीने बहिष्कार घातला तो निमूटपणे सोसला. आज येथे, महिन्याने तिसऱ्याच गावी, कधी धर्मशाळेत तर कधी कनातीच्या आडोशाला, असा त्यांचा संसार होता. मुलीचे शिक्षणही नाटकांच्या नकलांवरच झाले. फाळक्यांचे बोलावणे आले तेव्हा त्यांच्यापाशी गमावण्यासारखी प्रतिष्ठा समाजाने ठेवलेलीच नव्हती, आणि म्हणूनच हे धाडस त्यांना करता आले, असे मला वाटते.

तथापि त्यांच्या मागोमाग स्त्रियांची रांग लागली नाही. चार वर्षांनी, १९१७ साली, 'लंकादहन' आला तेव्हा फाळके पुन्हा साळुंक्यांकडेच वळले आणि त्यांनी त्यात राम व सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या. पुढे १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांचीच मुलगी मंदाकिनी. घरात सरस्वतीबाई फाळके फिल्म धुण्यापासून साऱ्या कारखान्याचे जेवणखाण सांभाळण्यापर्यंत अहोरात्र राबत होत्या, पण त्यांचेही दर्शन प्रेक्षकाला कधी घडले नाही.

कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. तिच्या भांडवलासाठी तानीबाई कागलकर यांनी कर्जाऊ रक्कम दिली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही आणि ती अवश्य सांगितली पाहिजे, कारण मराठी चित्रपटाच्या या दुसऱ्या पेढीची पहिली सावकार एक स्त्री होती. पेंटरांच्या १९२० सालच्या 'सैरंध्री'मध्ये गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कामे केली. पडद्यासाठी त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नवी नावे देण्यात आली, तरी त्यांच्या लोकांनी त्यांना जवळ केले नाही आणि त्यांना कंपनीच्याच आवारात आश्रय घ्यावा लागला. मूकपटाच्या उत्तरार्धात मग अँग्लो-इंडियन आणि यहुदी मुलींनी नायिकांची जागा घेतली. रूबी मायर्स ही 'सुलोचना' झाली, रेनी स्मिथ ही 'सीतादेवी' झाली. हिंदू घरातील मुलीवर असलेला जाच त्यांच्यावर नव्हता आणि मूकपटाला त्यांच्या उच्चारांशी कर्तव्य नव्हते.

१९३१ च्या मार्च महिन्यात 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. स्त्रीच्या चित्रपटप्रवेशाचे श्रेय आपण समाजसुधारणेला देतो. ते काही अंशी खरेही आहे, पण माझ्या मते निर्णायक कारण ध्वनीचे यंत्र हेच होते. साळुंक्याची तारामती मुकी होती म्हणून ती तारामती होऊ शकली. बोलपटाच्या ध्वनिग्राहकापुढे पुरुषाचा कंठ लपेना, इंग्रजी वळणाच्या उच्चारांची मराठी-हिंदी लपेना, आणि पार्श्वगायनाची युक्ती तेव्हा प्रचारात नसल्यामुळे नायिकेने स्वतःच गाणेही भाग होते. सुलोचनेसारख्या लोकप्रिय नटीलाही हिंदुस्थानी शिकण्यासाठी काही काळ काम थांबवावे लागले. ज्या स्त्रीची भाषा घरंदाज आहे, जिला गळा आहे आणि जी चार ओळी वाचून त्यांचा आशय जाणू शकते, अशी स्त्री आता निर्मात्याला हवी होती. अशा स्त्रिया त्या काळी नेमक्या त्याच घरांत होत्या, ज्या घरांनी चित्रपटाचे नावही उच्चारू दिले नसते.

त्यांपैकी एक घर गिरगावातील लाडांचे. पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील विख्यात सॉलिसिटर. कुटुंब मूळचे गोमंतकीय, एकत्र आणि संपन्न. या घरात १४ जानेवारी १९०५ रोजी जन्मलेली विटा ही मुलगी कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात शिकली, आणि शिक्षण चालू असतानाच विश्वनाथ खोटे यांच्याशी विवाह होऊन दुर्गा खोटे झाली. व्यापारातील मंदीने सासरची श्रीमंती ओसरली. दोन मुलांचा भार अंगावर होता. माहेरी हात पसरायचा नाही असा निश्चय करून त्यांनी शिकवण्या धरल्या, पण त्यांतून मिळकत अपुरीच होती. अशा वेळी मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटातील छोट्याशा बोलक्या भागासाठी त्यांची बहीण शालिनी यांना विचारणा झाली. शालिनींनी नकार दिला आणि बहिणीचे नाव सुचवले. दुर्गा खोट्यांनी ते काम केले ते कलेच्या ओढीने नव्हे, पैशासाठी केले, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लपवलेली नाही. चित्रपट आला तो सुमार निघाला. जाहिरातीत मात्र दोन्ही घराण्यांची नावे ठळकपणे मिरवली गेली आणि गिरगावात जो हलकल्लोळ उडाला, त्याची झळ सासर-माहेर दोन्हींना बसली. खोट्यांच्या सुनेने खोट्यांची अब्रू रस्त्यावर मांडली, असा लोकांचा अभिप्राय पडला.

या अपमानानंतर त्यांनी पडद्याकडे पुन्हा वळून पाहिले नसते तरी कोणी दोष दिला नसता. परंतु व्ही. शांताराम यांनी त्या सामान्य चित्रपटातही त्यांची योग्यता ओळखली आणि प्रभातच्या पहिल्या बोलपटासाठी त्यांना पाचारण केले. हरिश्चंद्राच्या भूमिकेस गोविंदराव टेंबे होते आणि संगीतही त्यांचेच होते. ज्यांनी गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत भाग घेतला, ज्यांच्या पेटीच्या सुरांवर बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका बहरल्या, तेच टेंबे आता एका खऱ्या स्त्रीसमोर राजा म्हणून उभे होते. एका युगाने दुसऱ्या युगाकडे कारभार सोपवावा तसा हा प्रसंग आहे, आणि तो जाणीवपूर्वक घडवलेला नसल्यामुळे मला अधिकच अर्थपूर्ण वाटतो. 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत अशा दोन्ही भाषांत निघाला. आज पाहू गेल्यास त्यातील कॅमेरा जागचा फारसा हलत नाही, गाणी लांबतात, परंतु दास्यात विकल्या गेलेल्या तारामतीची ताठ मान आणि तिचे स्वच्छ, संथ मराठी बोलणे यांचा परिणाम अद्याप ओसरलेला नाही. राणीचे रूप अनेकींना धारण करता आले असते. राणीपण गमावलेल्या स्त्रीचा स्वाभिमान ज्या सहजतेने त्यांच्या मुद्रेवर उमटला, त्यामागे श्रीमंती गमावलेल्या घरातील सुनेचा स्वतःचा अनुभव होता, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

ज्या समाजाने 'फरेबी जाल'बद्दल त्यांना नावे ठेवली, त्याच समाजाने तारामतीसाठी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे कारकीर्द पन्नास वर्षांची झाली. पगारी नोकरीत एकाच कंपनीला बांधून घेण्याची त्या काळची रीत त्यांनी मोडली आणि प्रभातमध्ये 'मायामच्छिंद्र' करून त्या कलकत्त्यास गेल्या. तेथे देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'राजरानी मीरा' आणि १९३४ साली 'सीता' केला. १९३६ च्या 'अमरज्योती'त त्या सौदामिनी झाल्या, स्त्रीवरील अन्यायाचा सूड घेण्यासाठी समुद्रावर राज्य करणारी बंडखोर स्त्री. पुढे त्यांनी 'सवंगडी' हा चित्रपट स्वतः निर्माण केला. आचार्य अत्र्यांचा 'पायाची दासी', 'भरतमिलाप'मधील कैकेयी, 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाई, 'बिदाई'मधील आई ही नावे वाचकांच्या स्मरणात असतीलच. पद्मश्री १९६८ साली मिळाली, दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ साली. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नाही, त्यांच्या नावाचा सन्मान अखेर एका तारामतीच्या हाती आला.

वसईकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी त्यांची एक भूमिका रंगभूमीवरची आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकात राघोबादादा पेशव्यांची पत्नी आनंदीबाई साकारली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गादीच्या लोभाने राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहनाम्यात त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना तोडून देण्याचे कबूल केले. चिमाजी आप्पांनी असंख्य माणसे खर्ची घालून १७३९ साली घेतलेली वसई त्यांच्या सख्ख्या पुतण्याने कलमाच्या एका फटक्याने परक्यांच्या नावे लिहून दिली. पुढे राघोबा-आनंदीबाईंच्या पुत्राने, दुसऱ्या बाजीरावाने, १८०२ च्या अखेरीस याच वसईत बसून स्वराज्यच इंग्रजांच्या पंखाखाली घालणारा करार केला. आमच्या किल्ल्याचे आणि बंदराचे दैव ज्या घरातील महत्त्वाकांक्षेने फिरवले, त्या घराच्या स्वामिनीला मराठी रंगभूमीने फार दिवस पुरुषाच्या कंठातून ऐकले होते. आनंदीबाईंना स्त्रीचा आवाज मिळाल्यावर त्या केवळ कारस्थानी उरल्या नाहीत आणि त्यांच्या महत्त्वाकांक्षेतली तडफड प्रेक्षकाला कळली.

दुर्गा खोट्यांच्या थोरवीविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु 'त्यांच्यामुळे कुलीन स्त्रियांना चित्रपटाचे दार उघडले' हे वाक्य जेव्हा जेव्हा वाचनात येते, तेव्हा मला खटकते. कुलीनतेचे भांडवल पाठीशी असूनही त्यांना जो त्रास झाला, तो भांडवलच नसलेल्या दुर्गाबाई कामतांना किती पटीने झाला असेल? नटी शांता आपटे यांनी १९३९ साली प्रभातच्याच फाटकाशी उपोषण करून नटीच्या करारपत्राचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. नटी हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रामध्ये आपले आयुष्य कोणताही आडपडदा न ठेवता मांडले. यांचे स्मरण निदान त्यांच्या ग्रंथांमुळे राहिले. दुर्गाबाई कामतांनी मागे ग्रंथ ठेवला नाही, ठेवली ती मुलगी. ती कमला, म्हणजे कमलाबाई गोखले, रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाह होऊन अल्पवयातच विधवा झाली, तिने तीन मुलगे नाटक-सिनेमात कामे करून वाढवले आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांपर्यंत जगली. तिचा मुलगा चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांना महाराष्ट्र ओळखतो. रीना मोहन यांनी तिच्या वृद्धापकाळी तिच्यावर माहितीपट केला, एवढाच काय तो मोठा सन्मान.

तेव्हा आमच्या वाचनालयांना आणि शाळांना माझी विनंती आहे. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र ठेवा, 'अयोध्येचा राजा' मुलांना दाखवा, पण दाखवण्यापूर्वी दुर्गाबाई कामतांचे नाव उच्चारा आणि त्यांची हकिकत सांगा. 'अयोध्येचा राजा' आजही पाहता येतो. 'मोहिनी भस्मासुर'ची प्रत उपलब्ध नाही.